स्मारकाची हद्द सातबाऱ्यावर आणा

बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही संरक्षित स्मारकापाशी जा, बहुतेक ठिकाणी निळी पाटी दिसेल. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे, त्याची मोडतोड कराल किंवा ते विद्रूप कराल तर शिक्षा होईल, असं त्या पाटीवर लिहिलेलं असतं. हे स्मारक जमिनीवर नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे मात्र तिच्यावर नसतं. गावच्या नकाशावर नसतं, सातबाऱ्यावर नसतं, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरही नसतं. ज्या वस्तूची हद्द कोणाला दाखवता येत नाही, तिचं रक्षण कोण आणि कसं करणार?

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. निवृत्तीनंतर मेहकरात राहतो. नोकरीत हातात आधी साखळी आणि फळा होता, पुढे मशीन आलं, आणि आता माझ्यामागून आलेली मुलं रोव्हर घेऊन शेतात उतरतात. साधनं बदलली तरी कामाचा नियम एकच राहिला. बांधावरचं भांडण कायद्याच्या पुस्तकानं मिटत नाही, दोन्ही शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत हद्दीचा दगड रोवला की मिटतं. आपल्या जुन्या देवळांच्या, बारवांच्या, मशिदींच्या, समाध्यांच्या बाबतीत हा दगडच रोवला गेलेला नाही. माझं सगळं म्हणणं याभोवती आहे.

आधी आमच्या जिल्ह्यात काय आहे ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला बुलढाणा म्हटलं की लोणारचं सरोवर आणि शेगावचे महाराज एवढंच आठवतं. लोणार गावात आणि सरोवराच्या काठाने केंद्र सरकारची दहाहून अधिक संरक्षित स्मारकं आहेत. भर वस्तीत दैत्यसूदनाचं मंदिर आहे, गावाबाहेर लिंबी बारव आहे, उतारावर गोमुखाची धार आहे, आणि विवराच्या पोटात पाण्याकाठी देवळांची रांग आहे. मेहकरात पैनगंगेच्या काठी जुनी दगडी धर्मशाळा आहे. चिखली तालुक्यात सातगाव आणि साकेगाव, मोताळा तालुक्यात कोथळीची देवळं आणि रोहिणखेडची सोळाव्या शतकातली मशीद. साखरखेर्ड्याचंही नाव घ्यायला हवं. १७२४ मध्ये तिथल्या लढाईत निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला हरवलं आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया पडला. त्या विजयावरून गावाला फत्तेखेर्डा असंही म्हणू लागले. आणि सिंदखेडराजा तर आहेच. लखुजीराव जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, मोती तलाव, पुतळा बारव, आणि लखुजीरावांची भव्य समाधी.

यातलं काही केंद्राच्या यादीत आहे, काही राज्याच्या. सिंदखेडराजातच बघा. समाधीची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, राजवाड्याची राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे. केंद्राला १९५८ चा कायदा, राज्याला १९६० चा. एकाच गावात दोन खाती, दोन कायदे, दोन रंगांच्या पाट्या. गावच्या माणसाला हा फरक कोणी समजावून सांगत नाही, आणि चूक झाली की नोटीस मात्र त्याच्याच दारावर चिकटते.

या याद्या आल्या कुठून? वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात असताना हेन्री कझेन्स नावाच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पुरातन अवशेषांची यादी तयार केली. ती १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात पुरातन स्मारकं जतन करण्याचा कायदा आला आणि वास्तू एकेक करून संरक्षित होत गेल्या. स्वातंत्र्यानंतर कायदे बदलले, पण जुन्या याद्यांमधली नावं नव्या कायद्याखाली तशीच पुढे आली. ज्यांनी त्या केल्या त्यांचं काम मोलाचं आहे. त्यांनी नोंदी केल्या म्हणून आज दावा करायला कागद तरी आहे. पण यादी म्हणजे मोजणी नव्हे. गावाचं नाव आणि वास्तूचं नाव लिहिलं की यादी पूर्ण होते. मोजणी पूर्ण व्हायला चारही बाजूंच्या खुणा लागतात.

त्यातून आमच्या खात्याचे कागदही शंभर वर्षांत जागचे हलले. मूळ जमाबंदीच्या वेळी जमिनीला सर्व्हे नंबर पडले. १९४७ च्या तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायद्याने जिथे जिथे एकत्रीकरण झालं, तिथे सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. गावठाणं वाढली. काही ठिकाणी सिटी सर्व्हे होऊन मिळकत पत्रिका आल्या. जुन्या अधिसूचनेत एखाद्या देवळाचा सर्व्हे नंबर लिहिलेला असला, तरी आज त्या नंबरावरून कोणी तलाठ्याकडे गेला तर दुसऱ्याच शेताचा सातबारा हाती पडू शकतो. दोन्ही खात्यांनी आपापले कागद सांभाळले. ते एकमेकांशेजारी ठेवून ताडून बघण्याचं काम मात्र राहून गेलं.

आता ही हद्द इतकी महत्त्वाची का, ते आकड्यांत बघू. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने केंद्राच्या संरक्षित स्मारकांभोवतीचे पहिले १०० मीटर बांधकामाला बंद झाले आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीखाली आले. २०१० च्या दुरुस्तीने हे थेट कायद्यातच घातलं. पहिलं प्रतिषिद्ध क्षेत्र, दुसरं विनियमित क्षेत्र. ऐकायला अंतर लहान वाटतं. एखादं स्मारक निव्वळ एक बिंदू धरला, तरी त्याभोवतीचं १०० मीटरचं वर्तुळ ३ हेक्टर १४ आर होतं, म्हणजे पावणेआठ एकर. ३०० मीटरचं वर्तुळ २८ हेक्टर २७ आर, म्हणजे सत्तर एकराच्या घरात. देऊळ बिंदूएवढं नसतं, त्यामुळे खरं क्षेत्र याहून जास्तच भरतं. लहान गावाचं अख्खं गावठाण या वर्तुळात बसतं. लोणारसारख्या ठिकाणी तर एका स्मारकाचं वर्तुळ दुसऱ्याच्या वर्तुळात शिरतं, आणि कोणतं घर कोणत्या देवळाच्या नियमाखाली आलं हे सांगायलाही नकाशाच लागतो.

कायदा म्हणतो की हे १०० मीटर संरक्षित स्मारकाच्या किंवा संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजायचे. हद्द ठाऊक असेल तर वाक्य अगदी सरळ आहे. ती ठाऊक नसेल तर काय होतं, ते मी एका गावात पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या घरातल्या माणसांना आणखी त्रास नको.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं मातीचं, धाब्याचं घर पावसात बसलं. त्याला घरकुल मंजूर झालं, पहिला हप्ता मिळाला, काम जोत्यापर्यंत आलं. मंजुरी देणाऱ्या कार्यालयाने नमुना आठ पाहिला, जागा त्याच्या नावावर आहे हे पाहिलं आणि सही केली. जोतं झाल्यावर दुसऱ्या कार्यालयातून काम थांबवण्याची नोटीस आली, घर स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत आहे म्हणून. मी तेव्हा निवृत्त झालेलो होतो. गावात ओळख होती म्हणून त्यांनी टेप घेऊन बोलावलं. टेपचं एक टोक हातात धरून त्याने विचारलं, "सायब, हे शंभर मीटर धरायचे कोठून?"

प्रश्न अगदी बरोबर होता. देवळाच्या गाभाऱ्याच्या भिंतीपासून मोजलं तर त्याचं घर बाहेर पडत होतं. पुढच्या ओट्यापासून मोजलं तर अर्धं आत येत होतं. आणि ओट्याच्या पुढे पडलेल्या कोरीव दगडांच्या ढिगापासून, म्हणजे एके काळी जिथपर्यंत सभामंडप असावा तिथपासून मोजलं, तर घर पूर्ण आत. तीन जागा, तीन उत्तरं. अधिसूचनेसोबतचा हद्दीचा नकाशा गावात कोणाकडेच नव्हता. म्हातारा म्हणाला, "आमच्या आज्यानं ह्या देवळात झाडलोट केली, दिवा लावला. आता त्याच देवळापायी आमाले भिंत उभी करता येत नाई."

त्याच्या बोलण्यात राग होता आणि त्या रागातला धोका मला दिसत होता. गावातल्या ज्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ते देऊळ जपलं, त्यांनाच ते संकट वाटू लागलं, तर रात्री तिथून मूर्ती हलवली जात असताना कुत्रं भुंकलं म्हणून उठून कोण बघणार? दिल्लीहून कोणी येणार नाही. आमच्या जिल्ह्याचा कारभार पाहणारं पुरातत्त्व सर्वेक्षणाचं मंडळ कार्यालय नागपूरला आहे, सिंदखेडराजापासून तीनशे किलोमीटरहून दूर. समृद्धी महामार्ग झाला म्हणून प्रवास सोपा झाला खरा, पण रोज देवळावर नजर ठेवणं तीनशे किलोमीटरवरून होत नाही.

मनुष्यबळाची स्थिती संसदेपुढेच आलेली आहे. संसदीय स्थायी समितीच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या ३,६९३ केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी फक्त २४८ ठिकाणी पहारेकरी होते. त्यांची एकूण संख्या २,५७८ होती आणि गरज ७,००० जणांची सांगितली गेली होती. ताजमहाल, लाल किल्ला, अजिंठा, वेरूळ अशा ठिकाणी पहारा हवाच. मग कोथळीला आणि साकेगावला काय उरतं? पाटी उरते आणि गाव उरतं. म्हणून या स्मारकांचं रक्षण गावाच्या मनावर आहे, आणि गावाचं मन राखायचं तर त्याला नियम आधी कळला पाहिजे, नोटीस नंतर.

कायद्यात वाट आहे, हेही सांगायला हवं. प्रतिषिद्ध क्षेत्रात १६ जून १९९२ पूर्वीचं घर असेल, तर त्याच्या दुरुस्तीसाठी आणि नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. विनियमित क्षेत्रात बांधकामालाही परवानगी मिळू शकते. अर्जांवर शिफारशी करायला २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण निर्माण केलं. प्रत्येक स्मारकासाठी वेगळे वारसा उपविधी करायचे, म्हणजे तिथल्या वस्तीला साजेसे नियम ठरवायचे, अशीही तरतूद आहे. पण अर्जाला जोडायचा नकाशा गावचा माणूस आणणार कुठून? घर स्मारकापासून किती मीटरवर आहे, हे त्याने सिद्ध करायचं, आणि मोजायला सुरुवात कुठून करायची हे त्याला कोणी सांगायचं नाही. अशाने शहरातला बिल्डर वाटाड्या गाठून परवानगी मिळवतो आणि खेड्यातला माणूस जोत्यावर ताडपत्री टाकून बसतो.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, आणि माझा सगळा भर त्याच्यावर आहे. कलम ३५ क नुसार पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांनी सर्व प्रतिषिद्ध आणि विनियमित क्षेत्रांचं सर्वेक्षण करून तपशीलवार स्थळनकाशे तयार करायचे आहेत. म्हणजे मी मागतो आहे ते नवीन काही नाही. संसदेने २०१० मध्येच ते सांगितलेलं आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की हे नकाशे मंडळ कार्यालयाच्या कपाटात राहता कामा नयेत. ते गावच्या दप्तरात उतरले पाहिजेत, कारण जमिनीबद्दल गाव ज्यावर विश्वास ठेवतं तो कागद सातबारा आहे.

सातबाऱ्यावर "इतर अधिकार" असा रकाना असतो. सोसायटीचं कर्ज तिथे येतं, बँकेचा बोजा येतो, कूळ येतं, विहिरीचा हिस्सा येतो, वहिवाटीचा रस्ता येतो, भूसंपादनाची नोंद येते. शेत घेणारा माणूस सगळ्यांत आधी हा रकाना वाचतो. त्याच रकान्यात "या गटातील अमुक क्षेत्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीत आहे", "अमुक क्षेत्र प्रतिषिद्ध क्षेत्रात आहे" अशी नोंद आली, तर किती गोष्टी आपोआप सुटतील याचा विचार करा. जमीन घेणारा फसणार नाही. ग्रामसेवक परवानगीचा कागद लिहिताना थांबेल. घरकुलाचं प्रकरण करणारा कर्मचारी पहिला हप्ता सुटण्याआधी गावात दुसरी जागा शोधेल. गौण खनिजाचा परवाना देताना तहसील कार्यालयाला देवळाशेजारची टेकडी दिसेल. आणि स्मारकाच्या जागेत कोणी कुंपण घातलं तर ते अतिक्रमण आहे हे सांगायला नागपूरहून साहेब यायची गरज उरणार नाही. कोतवालही ते सांगू शकेल.

नोंद नसल्यावर काय होतं, याचा पुरावा त्याच संसदीय अहवालात आहे. महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये १,६५५ स्मारकांची पाहणी केली तेव्हा ९२ स्मारकं जागेवर सापडली नव्हती. पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाने शोध घेतला, अनेकांचा पत्ता लागला, आणि तरीही ५० स्मारकं हरवलेली राहिली. त्यांपैकी १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा थांगच लागला नाही. त्या १२ च्या आकड्यापाशी मी फार वेळ थांबलो. धरणाच्या बुडीत क्षेत्राची मोजणी कशी होते हे मला माहीत आहे. संयुक्त मोजणीत एकेका गटातलं आंब्याचं झाड, सागाचं झाड, विहीर, गोठा, पाइपलाइन सगळं लिहिलं जातं, कारण त्याचा मोबदला द्यायचा असतो आणि मालक शेजारी उभा असतो. स्मारकाचा मालक शेजारी उभा नसतो. त्याच्या नावाची ओळ सातबाऱ्यावर असती, तर मोजणीला आलेल्या माणसाला ती लिहावीच लागली असती.

हे काम अवघड आहे असं कोणी म्हटलं तर मी मानणार नाही. समृद्धी महामार्ग आमच्या मेहकर आणि सिंदखेडराजा तालुक्यांतून गेला. त्याच्या भूसंपादनासाठी गावोगाव मोजण्या झाल्या, नकाशे झाले, नोंदी झाल्या, आणि नागपूर ते शिर्डी रस्ता डिसेंबर २०२२ मध्ये सुरूही झाला. स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन फिरवून घराघराची मिळकत पत्रिका करण्याचं काम याच महाराष्ट्रात चाललं आहे. ज्या ड्रोनने गावठाणातलं प्रत्येक छप्पर टिपलं, त्याच्या चित्रात देवळाचं शिखर आणि बारवेचा चौकोनही आलेला आहे. प्रत्येक तालुक्यात भूमी अभिलेखाचं कार्यालय आहे. आमच्यासारख्या एका जिल्ह्यातली स्मारकं काही हजारांत नाहीत. एका पावसाळ्यानंतर सुरुवात केली तर पुढच्या पावसाळ्याआधी जिल्हा मोजून होईल. यात नवं खातं नको, नवा कायदा नको. दोन खात्यांच्या माणसांनी एका दिवशी एका बांधावर उभं राहायचं आहे.

सिंदखेडराजात जून २०२४ मध्ये जे घडलं, त्यामुळे ही निकड अधिकच वाढली आहे. लखुजीरावांच्या समाधीच्या जतनाचं काम चालू असताना पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाच्या तज्ज्ञांना काही दगड वेगळे दिसले. खोदकाम केलं तेव्हा आधी शिवमंदिराचा पाया लागला, आणि मग जमिनीखाली दोन मीटरहून खोल शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. लांबी सुमारे १.७० मीटर, उंची सुमारे १ मीटर, पायाशी लक्ष्मी, खालच्या पट्टीत समुद्रमंथन. ज्या जमिनीवरून माणसं वर्षानुवर्षं ये-जा करत होती, तिच्याखाली हे होतं. मूर्ती वाचली याचं श्रेय त्या तज्ज्ञांच्या नजरेला आहे, आणि ती जागा संरक्षित स्मारकाच्या परिसरात होती याला आहे. हीच मूर्ती हद्दीबाहेर, एखाद्या घराच्या पायाच्या खड्ड्यात, जेसीबीच्या दातांना लागली असती तर?

जमिनीत अशी वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची, हा १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. पण कळवल्यावर आपलं काम बंद पडेल, जागा जाईल, ही भीती असलेला माणूस मूर्ती परत मातीत ढकलतो किंवा नदीत सोडतो. ही भीती घालवायची तर त्याला आधीपासून माहीत हवं की आपली जागा कोणत्या क्षेत्रात आहे, वस्तू सापडली तर पुढे काय होतं, आणि वस्तू कुठे जाते. माझं ठाम मत आहे की जे गावात सापडलं ते गावाला रोज पाहता येईल अशा ठिकाणीच राहावं. जिजाऊंच्या गावात, दरवर्षी १२ जानेवारीला जिथे महाराष्ट्रभरातून लोक लोटतात, तिथे अशा वस्तूंसाठी चांगलं संग्रहालय उभं राहणं हा त्या गावाचा हक्क आहे.

या सूचनेवर आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. मी गावात बोललो तेव्हा पहिला आक्षेप शेतकऱ्यांचाच आला: "सातबाऱ्यावर शिक्का पडला की जमिनीचा भाव पडेल." ही काळजी खरी आहे आणि तिला टोलवून चालणार नाही. पण निर्बंध नोंदीमुळे येत नाही, तो १९९२ पासून लागू आहे. नोंद नसल्याने तो फक्त दिसत नाही. दिसत नाही म्हणून माणूस जोतं बांधतो, कर्ज काढतो, आणि मग नोटीस येते. शिवाय काटेकोर मोजणी झाली तर आज संशयाने आत धरलेली अनेक घरं बाहेर पडतील. ज्याच्या घराला बंधन नाही त्यालाही ते लेखी मिळेल.

दुसरा आक्षेप असा की १०० मीटरचा नियमच जाचक आहे, अजिंठ्याला आणि खेड्यातल्या दोन खांबांच्या मंडपाला एकच माप कसं? यावर संसदेतही चर्चा झाली आहे आणि स्मारकागणिक वेगळं माप असावं या मताचा मीही आहे. पण माप कमी करायचं असो की जास्त, ते जिथून मोजायचं ती रेघ आधी लागते. आज घाईने नियम सैल केला आणि हद्द तशीच धूसर ठेवली, तर ५० मीटरवरही तेच भांडण उभं राहील, आणि मधल्या काळात बारवेच्या कठड्याला टेकून दुकानं उभी राहतील.

तिसरा आक्षेप यादीबद्दल आहे. ज्यांना राष्ट्रीय महत्त्व नाही अशी लहान स्मारकं यादीतून काढावीत, असा विचार वरच्या पातळीवर चालू आहे. मार्च २०२४ मध्ये देशातली १८ स्मारकं वगळण्याची प्रक्रिया सुरूही झाली. यात मला भीती अशी वाटते की जे स्मारक कोणी नीट मोजलं नाही, पाहिलं नाही, ज्याचा नकाशा झाला नाही, तेच सगळ्यांत आधी बिनमहत्त्वाचं ठरेल. साकेगावच्या देवळाचं महत्त्व दिल्लीच्या टेबलावर ठरवण्याआधी ते साकेगावच्या जमिनीवर मोजलं जावं, एवढा न्याय त्याला मिळायला हवा.

म्हणून माझ्या मागण्या लेखी आणि मोजक्या आहेत. पहिली, जिल्हाधिकाऱ्यांनी भूमी अभिलेख, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांची संयुक्त मोजणी लावावी. सरपंच आणि लगतचे जमीनमालक यांच्या हजेरीत स्मारकाच्या हद्दीवर, आणि केंद्राच्या स्मारकांबाबत १०० व ३०० मीटरवरही, दगड रोवावेत. दुसरी, या मोजणीची नोंद सातबारा, मिळकत पत्रिका आणि नमुना आठ या तिन्ही ठिकाणी घ्यावी. तिसरी, तो नकाशा मराठीत, गट नंबर आणि घर नंबरांसह, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. चौथी, दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात भरता यावा आणि त्याला लागणारा मोजणी नकाशा गरिबाला फुकट मिळावा. पाचवी, जिथे पहारेकरी नाही तिथे गावातल्याच एका माणसाला मानधन देऊन राखणदार नेमावं. देऊळ उघडणारा, झाडणारा, पडलेल्या दगडांची नोंद ठेवणारा आणि कोणी खोदायला लागलं तर फोन करणारा.

संयुक्त मोजणी सरकारनेच लावायची आहे. ती मागण्याचं काम मात्र आपलं आहे, आणि त्याला फार काही लागत नाही. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात संरक्षित स्मारक असेल, मग ते बुलढाण्यात असो, धाराशिवला असो की गडचिरोलीत, तर तलाठी कार्यालयात जा आणि ते ज्या गटात उभं आहे त्या गटाचा सातबारा काढा. इतर अधिकाराच्या रकान्यात स्मारकाचं नाव आहे का ते बघा. नसेल तर तहसीलदारांना साधा अर्ज लिहा, त्याची पोच घ्या, आणि येत्या ग्रामसभेत संयुक्त मोजणीचा ठराव मांडा. एका गावाचा ठराव फाइलीत पडून राहू शकतो. एका तालुक्यातल्या सगळ्या स्मारकांच्या गावांनी एकाच महिन्यात ठराव केला, तर जिल्हाधिकाऱ्यांना मोजणीची तारीख द्यावीच लागेल.